मातीच्या भिंतीवर फळ्या, खुंट्या आणि कपाटं पक्की कशी बसवायची

मातीच्या घरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच पडणारा प्रश्न म्हणजे फळी कशी लावायची. सिमेंटच्या भिंतींची सवय असते, म्हणून आपण ड्रिल काढतो, भोक पाडतो, प्लॅस्टिकचा प्लग ठोकतो आणि स्क्रू पिळायला लागतो. स्क्रू आवळलाच जात नाही, नुसता गरगर फिरतो. कधी आवळला जातोही, पण काही आठवड्यांनी फळी पुढे झुकते आणि वरच्या ब्रॅकेटभोवती गिलावा फुगून सुटायला लागतो. मग लोक म्हणतात, मातीच्या भिंतीला काही टांगताच येत नाही. तसं अजिबात नाही. मातीच्या घरात ही कामं मी स्वतः केली आहेत, इतरांना करायला मदत केली आहे, आणि नीट बसवलेली फळी इथेही तितकीच पक्की राहते. फक्त पद्धत वेगळी आहे.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. माती दाब चांगला सोसते, अख्ख्या छपराचं वजन ती पेलते. पण ओढ तिला सोसत नाही. प्लॅस्टिकचा प्लग भोकात फुगतो आणि भोकाच्या कडेवर जोर देऊन जागा धरतो. काँक्रीट त्या जोराला पुरून उरतं, माती मात्र तिथल्या तिथे भुगा होते. म्हणून खाली सांगितलेल्या प्रत्येक उपायात धडपड एकच आहे: ओढीचं दाबात रूपांतर करायचं, आणि तो दाब जितक्या मोठ्या जागेवर, जितका खोल पसरवता येईल तितका पसरवायचा. हे जमत नसेल तर वजन लाकडावर किंवा जमिनीवर न्यायचं.

१. भिंत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

"मातीची भिंत" म्हटलं तरी त्यात बरेच प्रकार येतात, आणि एका भिंतीला चालणारा उपाय दुसरीला चालत नाही.

माती, वाळू आणि पेंढा कालवून थरावर थर रचलेली भिंत साधारण ३० ते ६० सेंटिमीटर जाड असते. पेंढ्यामुळे ती एकसंध राहते. खुंट्या आणि लाकडी ठोकळे हिच्यात सगळ्यात छान बसतात.

कच्च्या विटांच्या किंवा भेंड्यांच्या भिंतीत वीट बऱ्यापैकी घट्ट असते, पण सांधे कच्चे असतात. भोक विटेच्या मधोमध पाडायचं, सांध्यात नाही.

साच्यात ठोकून घट्ट केलेल्या मातीची भिंत कठीण असते. त्यात थोडं सिमेंट किंवा चुना मिसळलेला असेल तर ती आणखी कडक होते. पण थरांच्या रेषेवर ती उकलू शकते, आणि कोपऱ्याचे टवके उडतात.

कुडाची भिंत पातळ असते, बहुधा १० ते १५ सेंटिमीटर. कामट्यांवर किंवा काठ्यांवर मातीचं लिंपण, एवढंच. इथे मातीत काहीही बसवायचं नाही. मागचे उभे खांब शोधायचे आणि फक्त त्यांनाच धरायचं.

पेंढ्याच्या गठ्ठ्यांची भिंत बाहेरून मातीची दिसते, पण ती माती म्हणजे २ ते ४ सेंटिमीटरचा गिलावा असतो. आत सगळा पेंढाच.

कशी बांधली ते सांगणारं कोणी नसेल तर कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी ३ मिलिमीटरचं बारीक भोक हळूहळू पाडा आणि काय बाहेर येतं ते बघा. सुरुवातीला राखाडी भुकटी आणि मग एकदम तपकिरी मऊ माती आली, तर मातीवर सिमेंटचा गिलावा आहे. ही धोक्याची खूण समजा. सिमेंटच्या कवचाआड ओल अडकून राहते, आणि ओल्या मातीत जोर राहत नाही. शिवाय त्या कवचात लावलेला स्क्रू फक्त कवचाला धरून असतो. बोटांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. त्यावर काहीही टांगू नका.

भिंतीच्या तळाशी ओल चढलेली असेल, पांढरा क्षार फुललेला असेल, तर आधी ती ओल थांबवा. तोवर त्या भिंतीवर फळीचं काम काढू नका.

२. वजन मोजा, पण ओढही मोजा

वजन किती हे सगळे विचारतात. ते भिंतीपासून किती पुढे आहे हे फार कमी लोक विचारतात, आणि फळ्या पडतात त्या बहुतेक याच कारणाने.

३० सेंटिमीटर रुंद फळीवर २० किलो सामान ठेवलं, तर त्या वजनाचा मध्य भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर येतो. ब्रॅकेटचा उभा पाय ३० सेंटिमीटर लांब असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेर खेचणारी ओढ एकूण १० किलोच्या आसपास बसते. पाय १० सेंटिमीटरचाच असेल तर तेच वजन वरच्या स्क्रूंना ३० किलोने खेचतं. सामान तेच, फळी तीच, ओढ तिप्पट. म्हणून मातीच्या भिंतीला उंच पायाचे ब्रॅकेट घ्या आणि फळी शक्य तितकी अरुंद ठेवा. खालचा स्क्रू भिंतीत दाबला जातो, त्याची काळजी नको. काळजी वरच्याची.

पुस्तकांचा अंदाज हमखास चुकतो. मीटरभर फळीवर पुस्तकं दाटून लावली तर २५ ते ३५ किलो सहज भरतात. १५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच १५ किलो असतं, टाकीचं वजन वेगळं.

३. भिंतीला न टांगता भागतं का?

हा प्रश्न मनापासून विचारा, कारण बरेचदा उत्तर "हो" असतं आणि ते उपाय जास्त देखणे असतात.

बांधकाम चालू असेल तर कोनाडे काढून घ्या. कोनाड्यातलं वजन सरळ खाली भिंतीवर दाबून बसतं, ओढीचा संबंधच नाही. जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जाऊ नका, घराच्या कोपऱ्याजवळ आणि तुळईच्या टेकूखाली कोनाडा नको, आणि वरच्या बाजूला कमान द्या किंवा लाकडाची पट्टी टाका. उभ्या भिंतीत नंतर कोनाडा खोदायचा मोह होतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय करू नका. आडवी लांब खाच तर कधीच मारू नका. तिथे भिंत आडवी कापल्यासारखी होते.

पुस्तकं, भांडी, ओट्यावरची कपाटं यांसाठी माझी पहिली पसंती जमिनीपासून तुळईपर्यंत उभ्या केलेल्या लाकडी खांबांना. दोन किंवा तीन खांब भिंतीला चिकटून उभे करायचे, फळ्या त्यांना जोडायच्या. वजन खांबांतून जमिनीवर उतरतं. भिंतीला एखाददुसरा स्क्रू लागतो तो फक्त खांब हलू नये म्हणून. पुढे मागे फळ्या वर-खाली करायच्या झाल्या तर भिंतीला हातही लावावा लागत नाही.

४. काय काय जवळ ठेवाल

साधं ड्रिल चालेल, पण ठोक्याची सोय बंद ठेवायची. ठोक्याने भोक वाकडंतिकडं मोठं होतं आणि आजूबाजूची माती आतून सैल पडते. लांब गिरमिट मिळालं तर फारच छान, जाड भिंतीत हाताने फिरवलेलं गिरमिट ड्रिलपेक्षा स्वच्छ भोक देतं. याशिवाय:

- पटाशी, हातोडी, लाकडी मोगरी, करवत
- ओळंबा आणि लेव्हल, मोजपट्टी
- पाण्याची फवारणी, घमेलं, छोटी थापी, चाळणी
- कठीण, पूर्ण वाळलेलं लाकूड (ठोकळ्यांसाठी आणि खुंट्यांसाठी)
- जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे, स्क्रू, आटे असलेल्या सळया, मोठे वॉशर
- कपच्या: दगडाच्या किंवा विटेच्या

साधे लोखंडी खिळे वापरू नका. मातीत दमटपणा येत-जात राहतो, खिळा गंजतो, गंज फुगतो आणि भोवतालची माती फोडतो. भिंतीत पुरायच्या लाकडाला बोरॅक्सचं पाणी आधीच पाजून वाळवा. वाळवीला माती आणि लाकूड एकत्र मिळालं की तिला आणखी काय हवं असतं!

५. भिंत अजून चढते आहे? ठोकळे आत्ताच पुरा

तुम्ही या टप्प्यावर असाल तर तुमचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. रचतानाच लाकडी ठोकळे भिंतीत ठेवून दिले की पुढे त्यांना हवा तो स्क्रू लावता येतो.

ठोकळा साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोल जाईल असा घ्या, आणि तासून असा करा की आतलं तोंड रुंद, बाहेरचं अरुंद. बाहेर सुमारे ७ सेंटिमीटर, आत १० असं माप चालतं. चारी बाजूंना खिळे अर्धे ठोकून अर्धे बाहेर ठेवा, म्हणजे मातीत त्यांची पकड बसेल. हे खिळे टाळू नका. ओल्या मातीतलं पाणी पिऊन लाकूड फुगतं, पुढे माती आणि लाकूड दोन्ही सुकताना आकसतात आणि मध्ये केसाएवढी फट राहतेच. माती लाकडाला चिकटून राहील या भरवशावर राहू नका. धरून ठेवतो तो ठोकळ्याचा आकार आणि ते खिळे.

आणखी एक बारकावा, जो अनुभवी सुतारही विसरतात: लाकडाचे तंतू कुठल्या दिशेला आहेत ते बघा. तंतू भिंतीच्या आत-बाहेर जात असतील तर स्क्रू तंतूंच्या टोकात घुसतो आणि तिथे त्याची पकड कमजोर असते. तंतू भिंतीला समांतर, आडवे राहतील असा ठोकळा कापा.

कच्च्या विटांच्या भिंतीत ठोकळ्याऐवजी विटेच्या मापाची लाकडी चौकट करून, आत गारा, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, भरून, एका विटेच्या जागी ती रचतात. दार-खिडकीच्या बाजूला अशा चौकटी ठरावीक अंतरावर बसवल्या की चौकट धरायलाही त्याच कामी येतात. साच्यात ठोकायच्या भिंतीत ठोकळा साच्याच्या फळीला बाहेरून स्क्रूने पकडून ठेवा, नाहीतर ठोकताना तो सरकतो. साचा काढण्याआधी तो स्क्रू आठवणीने काढा. पेंढ्याच्या भिंतीत गिलाव्याआधी ३० ते ४० सेंटिमीटरच्या टोकदार लाकडी मेखा ठोकून घ्या, बाहेरचं टोक किंचित वर राहील अशा तिरप्या.

ठोकळे गरजेपेक्षा जास्त टाका. लाकडाचा एक तुकडा पुरायला काही लागत नाही, नंतर भिंत खोदायला फार लागतं. आणि गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा. जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर कागदावर लिहून ठेवा. गिलाव्याखाली हरवलेला ठोकळा असून नसल्यासारखा.

६. भिंत उभी आहे: हलक्या वस्तू

फोटो, घड्याळ, एखादी पिशवी यांसाठी भिंत चांगली घट्ट असेल तर बारीक, लांब खिळा वरून खाली तिरपा ठोकला तरी पुरतो. मात्र तो गिलाव्यातून पार होऊन भिंतीत निदान ५ सेंटिमीटर गेला पाहिजे.

कपडे, टोप्या, हलक्या फळ्या यांना लाकडी खुंटी उत्तम. २५ मिलिमीटर जाडीची, २० ते २५ सेंटिमीटर लांब खुंटी घ्या. भोक तिच्यापेक्षा जेमतेम बारीक हवं आणि आत उतरतं हवं. भोकातला भुगा फुंकून काढा, थोडं पाणी फवारा, खुंटी पातळ मातीच्या रबडीत बुडवून मोगरीने हळूहळू बसवा. जोरात ठोकावी लागत असेल तर थांबा आणि भोक थोडं मोठं करा. हट्टाने ठोकलेली खुंटी भिंतीला आतून चिरते. दारं-खिडक्यांच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब राहा.

७. मधलं वजन: ठोकळा नंतर बसवणं

हे या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं काम आहे आणि यात घाई चालत नाही.

आधी त्या जागी वायर किंवा पाइप नाही याची खात्री करा. गिलावा सुरीने चौकोनी कापून घ्या, म्हणजे कडा फाटत नाहीत. त्या चौकोनात गिरमिटाने शेजारी-शेजारी भोकं पाडा आणि मधली माती पटाशीने, हातानेच, कोरून काढा. खोली १५ ते २० सेंटिमीटर. तोंड ठोकळा जेमतेम आत जाईल एवढं, पण आत गेल्यावर पोकळी सगळीकडून थोडी रुंद करा. भरलेली माती सुकली की त्या रुंदीमुळेच ती ओढून बाहेर येत नाही.

निघालेली माती टाकून देऊ नका. तीच परत वापरायची, कारण ती भिंतीइतकीच आकसते. चाळून, भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी थोडी वाळू आणि बारीक कापलेला पेंढा घालून घट्ट गारा कालवा. मूठ आवळली तर गोळा राहावा, बोटांतून गळू नये.

पोकळीत पाणी फवारा, पिऊ द्या, पुन्हा फवारा. कोरड्या भिंतीला ओला गारा लावला तर भिंत त्यातलं पाणी क्षणात ओढून घेते आणि सांधा धरतच नाही. मग आतून रबडीचा हात द्या, खिळे ठोकलेला ठोकळा ठेवा आणि भोवती गारा थोडा थोडा करून काठीने ठासून भरा. मधून मधून कपच्या पाचरीसारख्या दाबून बसवा. जितका दगड जास्त तितका गारा कमी, आणि गारा कमी म्हणजे आकसणं कमी.

आता वाट पाहायची. हवेनुसार दोन ते चार आठवडे लागतात. भरलेल्या जागेचा रंग बाकी भिंतीसारखा झाला आणि हाताला ती गार लागेनाशी झाली की सुकली समजा. कडेने फट पडली असेल तर ओली करून रबडीने भरा, पुन्हा सुकू द्या. स्क्रू त्यानंतरच.

पोकळी सिमेंटने भरायचा सल्ला अनेक जण देतील. ऐकू नका. सिमेंट मातीशी एकजीव होत नाही. काही काळाने तो कडक गोळा भोकात सुटा खुळखुळायला लागतो आणि निघताना मोठं भगदाड करून निघतो. पूर्ण कोरड्या जागी लवकर काम उरकायचं असेल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिस चालतं, ते घट्ट होताना किंचित फुगतं. पण हलक्या कामापुरतंच, आणि पाण्याजवळ नाही.

दोन-तीन ठोकळे एका ओळीत बसवून त्यांवर आडवी जाड पट्टी लावली आणि फळीचे ब्रॅकेट त्या पट्टीला जोडले तर वजन सगळ्या ठोकळ्यांत वाटलं जातं. एका ब्रॅकेटला एक ठोकळा यापेक्षा ही रचना मला नेहमीच भरवशाची वाटते.

८. जड वस्तू: आरपार बोल्ट

खूप वजन असेल आणि भिंतीची दुसरी बाजू हाताशी असेल तर १० ते १२ मिलिमीटरची आटे असलेली सळई आरपार घाला. पलीकडे निदान १० बाय १० सेंटिमीटरची, ५ मिलिमीटर जाड लोखंडी पाटी किंवा त्याहून मोठा लाकडी ठोकळा ठेवून नट लावा. इकडची ओढ पलीकडे पाटीच्या दाबात बदलते, आणि दाब तर मातीला सोसतोच. नट हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं तर पाटीखालची माती चुरते. भिंत बाहेरची असेल तर भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी सळईवरून आत येणार नाही. पाटीच्या कडा चुन्याने बुजवा.

म्हाताऱ्या माणसांसाठी न्हाणीघरात आधाराचा दांडा लावायचा असेल तर आरपार बोल्ट किंवा भिंतीतला मूळ लाकडी खांब, हे दोनच पर्याय. तोल जाताना माणूस सगळ्या अंगाच्या वजनानिशी हिसका देतो. इथे तडजोड नको.

रसायनाने चिकटणारे बोल्ट सिमेंट मिसळलेल्या, ठोकलेल्या भिंतीत चालतात, तेही खोल भोकात आणि जाळीच्या नळीसह. मऊ भिंतीत रसायन सुटत नाही, त्याच्याभोवतीची मातीच गोळा होऊन बाहेर येते.

९. वीज आणि पाणी

बटणांच्या पेट्या नुसत्या गिलाव्यात दाबून बसवू नका. प्लग ओढताना पेटी रोज खेचली जाते. मागे ठोकळा हवा. वायरी नळीतूनच न्या, मेन स्विच बंद करून आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या हातून.

पाण्याचा पाइप मातीच्या भिंतीत पुरायचा नाही. बारीक गळती महिनोन्‌महिने दिसत नाही आणि तोवर आतली माती लोणी झालेली असते. पाइप बाहेरून, ठोकळ्यांना क्लिपा लावून न्या. बेसिन पायावर उभं राहणारं घ्या, गिझरला जमिनीवरून लोखंडी चौकट करा.

१०. सामान ठेवण्याआधी भार देऊन बघा

फळीवर रोज जे वजन राहणार आहे त्याच्या दुप्पट वजन ठेवा, वाळूच्या पिशव्या सोयीच्या पडतात. फळीच्या पुढच्या कडेजवळ ठेवा आणि २४ तास तसंच राहू द्या. वरच्या ब्रॅकेटच्या मागे कागद सरकवून बघा. आधी जात नव्हता आणि आता जातो, म्हणजे सुटायला सुरुवात झाली आहे. या चाचणीत पडली तर वाळू पडेल. पलंगाच्या डोक्याशी किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर जड फळी लावूच नका, चाचणीत कितीही पक्की ठरली तरी.

पहिल्या वर्षात ऋतू पालटला की प्रत्येक स्क्रू आणि नट हाताने तपासा. लाकूड आणि माती दोन्ही थोडी आकसलेली असतात. नट पाव फेरा आवळावे लागले तर त्यात बिघाड काही नाही. पण मातीत थेट लावलेला स्क्रू फिरायला लागला असेल तर त्याच भोकात जाडजूड स्क्रू घुसवून वेळ मारून नेऊ नका. फळी उतरवा, भोक ओलं करून गाऱ्याने भरा, आणि नव्या जागी, जुन्या भोकापासून निदान वीतभर दूर, ठोकळा बसवा.